दस्तावेजातली चतुःसीमा आणि जुन्या बडोद्याचा शेजार

आपल्या मंडळात बहुतेक सभासद निवृत्त शिक्षक, प्राध्यापक किंवा बँकेतली मंडळी. मी घरांचा दलाल. कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' छापलंय, पण दांडिया बाजारात त्या नावाने विचारलंत तर कुणी माझं दुकान दाखवणार नाही. बत्तीस वर्षं हा धंदा करतोय. मंडळातले एक ज्येष्ठ सभासद मला नेहमी म्हणतात, "तुम्ही वाडे विकायचे आणि आम्ही त्यांच्यावर निबंध वाचायचे." सगळे हसतात, मीही हसतो. पण त्यात खोटं काही नाही. रावपुरा, दांडिया बाजार आणि मांडवीच्या आसपासचे जे वाडे आज उभे नाहीत, त्यांतल्या काहींच्या शेवटच्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मागच्या बैठकीत असा प्रश्न निघाला, की बडोद्यात मराठी माणसं नेमकी कुठे, कुणाच्या शेजारी राहत होती हे कशावरून कळणार? राजघराण्याचा इतिहास आहे, दिवाणांचा आहे. साध्या कारकुनाच्या, कासाराच्या, वैद्याच्या घराचा इतिहास कुठे मिळणार? मी तेव्हा म्हणालो, "तुमच्या कपाटात मिळेल. घराच्या फाइलीत." त्यावर अध्यक्ष म्हणाले, मग लिहूनच आणा. म्हणून हे लिहितोय.

मला इथे दस्तावेजातल्या एकाच परिच्छेदाबद्दल सांगायचं आहे. त्याला चतुःसीमा म्हणतात.

चतुःसीमा म्हणजे काय

कुठलंही खरेदीखत घ्या. आधी घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं, मग मिळकत देणाऱ्याकडे कशी आली त्याची हकिगत, मग किंमत आणि कब्जा. शेवटी मिळकतीचं वर्णन. या वर्णनात आज सिटी सर्व्हेचा विभाग, टिका नंबर, सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर असतात. त्याखाली चार ओळी येतात: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय, दक्षिणेस काय. हीच चतुःसीमा. आमचे गुजराती दस्तावेज लिहिणारे तिला 'खूंट' म्हणतात.

आज घेणारा माणूस या चार ओळी वाचत नाही. नंबर बरोबर आहे ना, मग झालं. पण जुन्या काळी नंबर नव्हते. घर ओळखायचं ते आजूबाजूच्या घरांवरून. संस्थानी छापाच्या स्टॅम्प कागदावरचे जे दस्तावेज मी हाताळले, त्यांत वर्णनाचा जीवच या चार ओळींत असतो. नमुना द्यायचा तर असा: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमुक वैद्य यांचे घराची सामाईक भिंत, उत्तरेस जाण्यायेण्याचा बोळ व त्यापलीकडे अमुक कासार यांचे घर, दक्षिणेस देवळाचे आवार. मग घर किती खणांचं, किती मजल्यांचं, त्यात आड आहे की नाही, इमला कुणाचा आणि जमीन कुणाची.

खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. पाच खणी सोपा म्हटलं की जुन्या माणसाला घर डोळ्यांपुढे दिसायचं. आज आपण 'टू बीएचके' म्हणतो तसंच ते. इमला म्हणजे जमिनीवरचं बांधकाम. जमीन एकाची आणि इमला दुसऱ्याचा अशी घरं जुन्या शहरात पुष्कळ होती. आजही एखाद्या फाइलीत ही भानगड निघाली की व्यवहार सहा महिने लांबतो.

आता याच्या शेजारी गेल्या वर्षी मी करून दिलेल्या एका फ्लॅटच्या दस्तावेजाची चतुःसीमा ठेवा: पूर्वेस मार्जिनची जागा, पश्चिमेस लिफ्ट व पॅसेज, उत्तरेस फ्लॅट नंबर ४०३, दक्षिणेस सोसायटीचा कॉमन प्लॉट. कायद्याने दोन्ही बरोबर. पण दुसरीत माणूस एकही नाही.

जुना दस्तावेज घराची ओळख शेजाऱ्यावरून देतो, नवा नंबरावरून देतो. एका घराच्या चार ओळींत चार शेजारी येतात. त्या शेजाऱ्यांच्या घरांचे कागद मिळाले तर त्यांचे पुढचे शेजारी येतात. असे वीस-पंचवीस दस्तावेज एकमेकांना जोडले की अख्खी गल्ली उभी राहते, नावांसकट आणि धंद्यांसकट.

कोण कुणाच्या भिंतीला

पिलाजीराव गायकवाडांचे भाऊ महादजी यांनी १७३४ मध्ये बडोदे घेतलं आणि तिथून पुढे ते गायकवाडांकडेच राहिलं. फौजेबरोबर शिलेदार आणि पागेदार आले. राज्य बसल्यावर हिशेब ठेवायला कारकून आले, पूजेला भटजी, औषधाला वैद्य. पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, शाळा, कचेऱ्या आणि न्यायालयं वाढली तशी शिकलेल्या माणसांची आणखी एक लाट आली. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेले, तेव्हा आपल्या बडोद्याचा हा सगळा इतिहासच मुळी घर सोडून आलेल्यांचा आहे. माझे खापरपणजोबा कारकून म्हणून आले. घरात सांगतात ते इतकंच, की ते एक पडशी आणि तांब्या घेऊन आले आणि पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या देवडीत झोपले.

कोटाच्या आतलं शहर मूळचं गुजराती. मधे मांडवी, चार दिशांना लेहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे, आणि आत पोळी. मराठी वस्ती आत शिरलीच, पण पश्चिमेला, कोटाबाहेर, रावपुरा आणि सुरसागरलगतच्या दांडिया बाजारात ती दाट झाली. दिवाण भाऊ तांबेकरांचा भित्तिचित्रांचा वाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे म्हणून टिकला. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होते. दांडिया बाजारातलं त्यांचं घरही जपलेलं आहे. पण या दोन वास्तूंच्या मधल्या शेकडो घरांना असं मोठं नाव नव्हतं. त्यांचा इतिहास चतुःसीमेतच.

मी पाहिलेल्या जुन्या कागदांत एक गोष्ट सतत दिसते. आपण आज 'मराठी वस्ती' म्हणतो, पण ती निव्वळ मराठी कधीच नव्हती. मराठा पागेदाराच्या पश्चिमेच्या भिंतीला मुसलमान चाबूकस्वाराचं घर आहे. दोघांचं काम घोड्यांचं, म्हणून घरं लागून. देशस्थ कारकुनाच्या उत्तरेला गुजराती वाणियाचं दुकान आहे, कारण कारकुनाचा पगार महिन्याला आणि वाण्याची उधारी रोजची. धंद्याने आणि गरजेने शेजार जोडलेला दिसतो. भाषासुद्धा तशीच. एकाच दस्तावेजात खरेदीखत नि कब्जा फारसीतून आलेले, ओटला नि खडकी गुजराती. सरकारी शब्दांची ही सरमिसळ इतकी होती, की सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतला शब्दकोश छापून घेतला. माझ्या मते त्याचं खरं कारण कोठी कचेरीत रोज पडणारा हा कागदांचा ढीग असावा.

वळचण, मोरी आणि बोळ

चतुःसीमेच्या खाली कधीकधी आणखी एक-दोन ओळी असतात. नवशिका दलाल त्या सोडून देतो आणि मग पस्तावतो. उदाहरणार्थ: अमुक यांचे घराचे पागोळीचे पाणी या मिळकतीचे बोळात पडते ते पडू द्यावे. किंवा: मोरीचे पाणी दक्षिणेकडील बोळातून जाते. किंवा: माडीवरील खिडकी आहे तशी ठेवावी. याला कायद्यात सुखाधिकार म्हणतात. उघडपणे, अडथळ्याशिवाय, हक्काने वीस वर्षं वापर झाला की तो पक्का होतो.

आता विचार करा, तुमच्या छपराचं पाणी शंभर वर्षं माझ्या बोळात पडतंय. तुमची खिडकी माझ्या चौकात उघडते. तुमची भिंत आणि माझी भिंत एकच. अशा वेळी तुमच्याशी भांडण तर होणारच, पण भांडून बोलणं टाकून चालणार नाही. पावसाळ्याआधी कौलं परतायची तर दोघांनी मिळून माणूस बोलवायचा. भिंतीला ओल आली तर खर्च अर्धा-अर्धा. आमच्या घरी माडीवरच्या त्या खिडकीतून वाटी जायची. कधी कढी, कधी आमटी, आणि शेजारच्या गुजराती बेनकडून परत येताना वाटी कधी रिकामी आली नाही. लोक याला शेजारधर्म म्हणतात. मी दलाल असल्यामुळे मला त्याच्या मागची सामाईक भिंत आधी दिसते. प्रेम होतं, नाही असं नाही. पण त्या प्रेमाला टेकायला भिंत होती.

वाड्याच्या आतही तेच. भावाभावांची वाटणी झाली की वाटणीपत्रात खोल्या वाटल्या जायच्या: सोपा थोरल्याला, माडी मधल्याला, मागची पडवी धाकट्याला. पण चौक, आड, जिना, देवडी आणि संडास 'सामाईक' लिहिलेले असत. या 'सामाईक' शब्दाने कित्येक वाडे दोन-तीन पिढ्या एकत्र ठेवले. चुली वेगळ्या झाल्या तरी पापड वाळायचे एकाच चौकात आणि गणपती बसायचा एकाच देवडीत.

शेजार सुटला तो कसा

वाडे पडण्याला लोक एकच कारण देतात: 'नवी पिढी राहत नाही.' धंद्यातून पाहिलं तर कारणं चार-पाच दिसतात आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं, पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आजव्याच्या तलावाचं नळाचं पाणी शहरात आलं. फार मोठी सोय झाली, रोगराई कमी झाली. पण आडावर रोज सकाळी भेटणाऱ्या बायकांचं कारणही हळूहळू संपलं. सामाईक आड सगळ्यांत आधी बुजवले गेले. मी पाहिलेल्या वाड्यांत आड बहुधा फरशीखालीच सापडतो.

दुसरं, भाडं. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा बडोदे १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाल्यावर इथेही आला आणि १९६० ला गुजरात झाल्यावरही चालू राहिला. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण भाडं जिथल्या तिथे राहिलं. महिना पंधरा रुपये भाडं घेणारा मालक दोन लाखांची कौलं बदलणार नाही, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूही बदलणार नाही. मग तुळई कुजते. एक कुजली की सगळी माडी कलते.

तिसरं, नोकरी. साठच्या दशकात खतांचा कारखाना आणि कोयलीची रिफायनरी आली. शहर विश्वामित्रीच्या पलीकडे पसरलं. कंपनीत लागलेल्या मुलाला कारेलीबागेत किंवा मांजलपुरात स्वतःचा बंगला हवासा वाटला, यात त्याचं काय चुकलं? वाड्यात चार कुटुंबांत एक संडास होता, हे वाड्याच्या आठवणी लिहिणारे सहसा लिहीत नाहीत. मी त्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे.

चौथं कारण बोलायला अवघड, पण लिहायला हवं. दंग्यांनंतर गुजरातमध्ये १९९१ चा कायदा आला. त्याला आपल्याकडे सगळे 'अशांत धारा' म्हणतात. ज्या भागाला तो लागू आहे तिथे घर विकायचं तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. विकणारा राजीखुशीने आणि रास्त भावाने विकतोय हे दाखवावं लागतं. भीतीपोटी मिळेल त्या किमतीला कुणी घर टाकून जाऊ नये, हा हेतू. जुन्या शहराच्या बऱ्याच भागाला तो लागू आहे, म्हणून माझ्या टेबलावर त्याचे अर्ज कायम असतात. हेतू काहीही असो, मी इतकंच सांगू शकतो, की जुन्या कागदांत पागेदाराच्या भिंतीला चाबूकस्वाराचं घर जितक्या सहज दिसतं, तसं नव्या कागदांत मला फारसं दिसत नाही.

आणि पाचवं, वारस. एका वाड्याच्या पेढीनाम्यावर आज वीस-पंचवीस नावं सहज निघतात. कुणी पुण्यात, कुणी इंदूरला, कुणी न्यू जर्सीत. एकाची सही नसली तर व्यवहार अडतो. म्हणून आम्ही दलाल सुचवतो ते एकच: 'सामाईक' शब्द काढा, सगळ्यांनी मिळून एकदम विका. कागदाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. मी हे कितीतरी घरांना सांगितलंय. पण ज्या शब्दाने वाडा उभा होता तोच शब्द आम्ही खोडला, हेही तितकंच खरं.

आत्याबाईंची सही

ही गोष्ट २००९ सालची. गल्लीचं आणि घराण्याचं नाव लिहीत नाही.

वाडा तीन चुलत भावांचा. घेणारा तयार, भाव ठरलेला, बानाखत झालेलं. वकिलांनी फाइल पाहून सांगितलं, मुलींच्या सह्या हव्यात. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा होताच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीने आली. त्या घरची एक मुलगी हयात होती, भावांची आत्या, वय ब्याऐंशी, राहायला साताऱ्याला. हक्कसोडपत्रावर सही करायला ती तयार होती, पण तिने निरोप पाठवला, "घर बघितल्याशिवाय सही करणार नाही." भाचे वैतागले. मी म्हटलं, येऊ द्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

आत्याबाई आल्या. देवडीच्या उंबऱ्यावर थांबल्या, पदराने उंबरा पुसला आणि आत आल्या. चौकात खुर्ची टाकून दिली. मी माझ्या पद्धतीने दस्तावेज वाचून दाखवायला लागलो, कारण सही करणाऱ्याला मजकूर कळला पाहिजे. चतुःसीमेपर्यंत आलो. "उत्तरेस अमुक यांचे घर."

"त्याचं कसलं घर?" आत्याबाई म्हणाल्या. "नाव त्याचं होतं. राहायची त्याची विधवा बहीण. सुईण होती ती. या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातची. मीसुद्धा."

मी थांबलो. मग त्या एकेक दिशा सांगत गेल्या. पश्चिमेला वैद्यांचं घर, पण पुढच्या खोलीत शिंपी भाड्याने असायचा, तो रात्री पेटी वाजवायचा. दक्षिणेच्या बोळातून कोणाला जायला मनाई होती आणि ती मनाई यांच्या आईने कोणत्या वर्षीच्या गौरींना मोडली. पूर्वेच्या रस्त्यावरून शिलंगणाची स्वारी बघायला ओट्यावर कोण कुठे बसायचं. दस्तावेजात नावं पुरुषांची होती, कारण मालक तेच. राहणारी माणसं आत्याबाईंना ठाऊक होती. मी हातातल्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. का ते मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माडीवर बाबांची पत्र्याची पेटी होती. मोडीतल्या वह्या. बाबा रोज लिहायचे, कोण आलं, कुणाला काय दिलं, कुणाचं काय येणं. मला मोडी येत नाही, पण तेवढी पेटी मला द्या."

ती पेटी तीन दिवसांपूर्वी रद्दीत गेली होती. मीच सांगितलं होतं. भाच्यांनी मला विचारलं होतं, "हे कागद लागतील का?" मी वरच्या दोन वह्या उघडल्या, मोडी दिसली, स्टॅम्प कुठे दिसला नाही. म्हटलं, "हे मालकीचे कागद नाहीत. याचं काही काम नाही." पेटीच्या पत्र्याचे वेगळे पैसे मिळाले.

मी आत्याबाईंना खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. माल पुढे गेला होता. त्या म्हणाल्या, "असू दे. तुला काय माहीत." आणि सही केली. सुवाच्य, एकेक अक्षर लावून. नंतर त्यांनी ओट्याची एक फरशी मागितली, घेणाऱ्याने लगेच हो म्हटलं. ती साताऱ्याला गेली की नाही ते मी विचारलं नाही.

'तुला काय माहीत' हे त्या समजूत घालायला म्हणाल्या होत्या. पण माझा धंदा कागदाचा. कागदाची किंमत मला माहीत असायला हवी होती.

कुठला कागद परत मिळतो आणि कुठला नाही

त्या दिवसापासून मला एक फरक समजला. तो आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा म्हणून हा सगळा लेख.

वकील साधारण तीस वर्षांचा सर्च काढतात. त्याच्या मागचे कागद असले तर फाइलीत लावतात, नसले तर फारसं अडत नाही. म्हणून जुने कागद 'नकामे' ठरतात. पण रजिस्टर झालेल्या दस्तावेजाची सरकार-दरबारी नोंद असते. मूळ हरवला तरी सब-रजिस्ट्रारकडून नक्कल काढता येते. घरच्या कागदांची, म्हणजे रोजकीर्द, पत्रं, भाड्याच्या पावत्या, वाटणीची कच्ची टिपणं, लग्नाच्या आहेराच्या याद्या, यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. बाजारात ज्या कागदाला किंमत नाही तोच एकदा गेला की संपतो.

आणखी एक. घर विकलं की मूळ दस्तावेज घेणाऱ्याकडे जातात. त्याने कर्ज घेतलं तर बँकेच्या तिजोरीत जातात. म्हणजे तुमच्या पणजोबांचा शेजार ज्यात लिहिलाय तो कागद व्यवहाराच्या दिवशी कायमचा घराबाहेर पडतो. कब्जापावतीच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून ज्यांचं जुनं घर विकायचं चाललंय त्यांना मी आता चार गोष्टी सांगतो. माझ्या दलालीत त्याचे पैसे धरलेले नाहीत.

एक, बानाखत करण्याआधी फाइलीतल्या प्रत्येक जुन्या दस्तावेजाची स्कॅन करून प्रत ठेवा. चतुःसीमेचं पान तर नक्कीच, मागची बाजूही. शिक्के आणि शेरे मागेच असतात.

दोन, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला घरात आणा आणि ती चतुःसीमा वाचून दाखवा. मग गप्प बसा आणि लिहून घ्या. फोनवर रेकॉर्ड केलंत तरी चालेल, पण दिशा विचारून घ्या: कुठल्या बाजूला, कुणाच्या पुढे. सासुरवाशीण असेल तर तिच्या माहेरच्या घराचीही चतुःसीमा विचारा.

तीन, मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नका. मोडी वाचणारे आजही आहेत, आपल्या मंडळातच दोघे आहेत. वाचून निरुपयोगी ठरला तर मग टाका.

चार, वाडा पाडण्याआधी खण मोजा. खांब किती, चौक केवढा, आड कुठे, कुठली खिडकी कुणाकडे उघडते, हे वहीच्या एका पानावर काढा. नकाशा नीट आला नाही तरी हरकत नाही. काटमाळ घेणारा सागाच्या तुळया मोजून घेतो. त्याच्या आधी आपण मोजलेलं बरं.

आत्याबाईंच्या झेरॉक्सपासून सुरू झालेली माझी एक लांब वही आहे. तिच्यात आता त्रेसष्ट घरांच्या चतुःसीमा आहेत, काही दस्तावेजातल्या, काही लोकांच्या तोंडच्या, काही दोन्ही. काही ठिकाणी दोन्हींचं जमत नाही, तेही तसंच लिहून ठेवलंय. दांडिया बाजारातल्या एका गल्लीची दक्षिणेची रांग जवळजवळ सलग लागली आहे. उत्तरेच्या रांगेत मधली चार घरं गाळलेली आहेत. त्यातल्या कुणाचे वंशज हे वाचत असतील आणि घरात जुनी फाइल असेल, तर मंडळाला कळवावं. मी येईन, घर विकायची गोष्ट काढणार नाही. फक्त पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण उतरवून घेईन.